मॉन्ट्रियलमधला फुकटचा फ्रेंच क्लास, लेव्हल १ ते ३ केल्यावरचा रिव्ह्यू

इथे, म्हणजे कॅनडाच्या फ्रेंच बोलणाऱ्या क्वेबेक प्रांतात, नवीन आलेला प्रत्येकजण विचारतो की फुकटचा क्लास करू का पैसे भरून प्रायव्हेट लावू, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. सेंटरचं नाव देत नाही, कारण नाव नोंदवल्यावर चार महिने कोणी फोन केला नाही आणि वर्गातला हीटर एक तर बंद नाहीतर भट्टी. बाकी आठवड्यातून दोन संध्याकाळी तीन-तीन तास, झेरॉक्स मिळतात, वही आपली.

पहिल्याच दिवशी कळलं की आपण गावाचं नावच चुकीचं घेतोय. क्वेबेक नाही केबेक, मॉन्ट्रियल नाही मोंरेआल. मॅडम पन्नाशीच्या पुढच्या, म्हणाल्या मला 'तू' म्हणा. आता तू-तुम्ही आपल्याला जन्मापासून येतं, त्यामुळे त्यु आणि वू चा धडा आपण झोपेत पास, पण बाईंना तू म्हणायला जीभ रेटत नाही हो. तीन लेव्हल झाल्या, मी अजून वूच म्हणतो.

आणि एक गोष्ट कोणी सांगत नाही, इथल्या उच्चारात मराठी माणसाचा फायदाच फायदा आहे. हे लोक त्यु म्हणत नाहीत, त्सु म्हणतात, म्हणजे चमच्यातला च. मंगळवार मार्दी नाही, मार्द्झी, म्हणजे जाळ्यातला ज. शेजारचा कोलंबियाचा मुलगा आठवडाभर झटत होता, मला पहिल्या फटक्यात जमलं. प्रश्न विचारताना वर अजून एक त्सु लावतात, 'से-त्सु बों?' मी विचारलं हा दुसरा तू कोण, तर कोणीच नाही, तो म्हणजे आपला 'का'. चांगलंय का! पण हे पुस्तकात नाही, मॅडमनी ओघात सांगितलं. हेच मोठं उणं आहे, ऑडिओतला माणूस बातम्या दिल्यासारखा बोलतो आणि देपानरमधला, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातला, अर्धे शब्द गिळतो. जेवणांची नावं पण नीट पाठ करा, फ्रान्सवाल्या ॲपवर शिकून आलात तर फसाल. इथे देजने म्हणजे नाश्ता, दिने दुपारचं, सुपे रात्रीचं. मी ऑफिसातल्या एकाकडे 'दिने'ला संध्याकाळी सातला फुलं घेऊन हजर, त्यांची भांडी घासून झाली होती.

तरी साडेतीन स्टार देतोय ते गुरुवारच्या शेवटच्या अर्ध्या तासासाठी. पुस्तक बंद आणि मॅडम इथला इतिहास सांगतात. खरं सांगू, आलो तेव्हा मला हे लोक उगाच ताठ वाटायचे. फ्रान्समध्येसुद्धा रस्त्यावर 'स्टॉप' लिहितात, ह्यांना 'आरे' पाहिजे. केएफसीचं पीएफके केलंय. २०१७ मध्ये तर इथल्या विधानसभेने एकमताने ठराव केला की दुकानात 'बोंजूर-हाय' नको, नुसतं बोंजूर म्हणा, मी हसलो होतो. मग मॅडमनी त्यांच्या वडिलांचं सांगितलं, कारखान्यात सगळे कामगार फ्रेंच आणि मुकादमाशी बोलायचं मात्र इंग्रजीत, ते पण ह्याच शहरात. त्यानंतर १९६२ ची निवडणूक, 'मेत्र शे नू', आपल्या घरचे आपण मालक, आणि वीज कंपन्या सरकारने ताब्यात घेतल्या. १९७७ चा लॉ १०१, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या मुलांना फ्रेंच शाळेत घालायला लावणारा कायदा, आला तो पण त्याच रांगेत. त्याआधी बाहेरून आलेले बहुतेक लोक मुलांना इंग्रजी शाळेत घालायचे, म्हणजे दोन पिढ्यांत फ्रेंचचा कारभार आटोपला असता. माझ्या मुलीला फ्रेंच शाळेतच का जावं लागतं ते मला तेव्हा कळलं, आता ती माझे उच्चार काढते ते वेगळं.

१९९५ च्या सार्वमताचा तास तर विसरणार नाही. ३० ऑक्टोबर, कॅनडातून वेगळं व्हायचं का, ९३ टक्क्यांवर मतदान, 'नाही' ५०.५८ आणि 'हो' ४९.४२, फरक साधारण ५४ हजार मतांचा. त्या रात्री तेव्हाचे प्रीमियर, म्हणजे इथले मुख्यमंत्री, 'हो'वाले झाक पारिझो यांनी हरल्याचं खापर फोडलं पैशावर आणि एथनिक, म्हणजे बाहेरून आलेल्यांच्या, मतांवर. हे मॅडम सांगतायत आणि समोर आम्ही अठरा एथनिक बसलोय. एकाने विचारलं, मॅडम तुम्ही काय मत दिलं? मॅडम म्हणाल्या झेरॉक्स मागे पास करा.

एका ठिकाणी मात्र माझं जुळलं नाही. वर्गात तुर्कस्तानची एक बाई होती, तिकडे दहा वर्षं गणित शिकवलेलं, आणि २०१९ च्या लॉ २१ मुळे इथल्या सरकारी शाळेत नोकरी हवी तर डोक्यावरचा स्कार्फ काढायला लागणार. चर्चच्या पकडीतून सुटायला ह्यांना १९६० चं दशक उजाडलं, म्हणून सरकारी जागेत धर्म नको, हे मॅडमचं म्हणणं समजतं, विधानसभेतला १९३६ पासूनचा क्रॉस पण २०१९ मध्ये काढलाच. (शिव्या मात्र सगळ्या चर्चमधल्याच, तबर्नाक वगैरे, त्या देपानरवाल्याने शिकवल्या.) पण भाषा वाचवणं वेगळं आणि त्या बाईची नोकरी अडवणं वेगळं. भाषेपर्यंत मी ह्यांच्या बाजूने, पुढे नाही. त्या दिवशी वर्गात कोणी काही बोललं नाही, ती पण नाही.

तर करा का? करा, फक्त आल्या आल्या नाव नोंदवा. २०२२ च्या लॉ ९६ मुळे इथे आल्यापासून सहा महिन्यांनंतर सरकारी पत्रं काही अपवाद सोडले तर फ्रेंचमध्येच येतात. मी लेव्हल ४ साठी नाव दिलंय, त्याचं पत्र परवा आलं, डिक्शनरी न काढता अख्खं वाचलं. वेटिंगवर आहे.