आठ महिने 'सगळे मिळून' पत्ते खेळल्यानंतर (लेक आता साडेचार वर्षांची)

जूनमध्ये नणंद न्यू जर्सीहून सांगलीला आली तेव्हा पोरांसाठी चॉकलेटं आणि एक चपटा डबा घेऊन आली, 'हूट आउल हूट' नावाचा खेळ. तेव्हा धाकटी पावणेचार वर्षांची होती आणि मोठा सात. खरं सांगायचं तर डबा मी पंधरा दिवस कपाटावरच टाकून ठेवला होता, कारण आमच्याकडे कुठलाही खेळ काढला की शेवट ठरलेला असायचा, सापशिडीत साप चावला की हिची रडारड आणि भिकार-सावकारमध्ये दादानं सगळे पत्ते ओढले की पुन्हा रडारड. मग त्यावर उपाय म्हणून दादा म्हणायचा ती कच्चं लिंबू. आपण सगळे लहानपणी असेच कच्चं लिंबू होऊन खेळलोय, त्यात काही वाईट वाटायचं नाही असं मला वाटायचं, पण एक दिवस ती मला ओट्यापाशी येऊन विचारते, आई मी हरले तरी कुणी काही म्हणत नाही आणि जिंकले तरी कुणी काही म्हणत नाही, असं का? काय उत्तर देणार, कपाटावरचा डबा काढला.

खेळ असा आहे. बोर्डावर रंगीत ठिपक्यांची वळणावळणाची वाट, वाटेच्या शेवटी घरटं. घुबडं सहा, पण सोपा डाव खेळायचा असेल तर तीनच घ्यायची. सगळ्या घुबडांना सूर्य उगवायच्या आत घरट्यात पोचवायचं. पत्ते ५०, त्यातले ३६ रंगांचे आणि १४ सूर्याचे. प्रत्येकासमोर तीन पत्ते, आणि ते उघडे ठेवायचे, लपवायचे नाहीत. आपल्या पाळीला एक रंग टाकायचा आणि कुठलंही एक घुबड त्या रंगाच्या पुढच्या मोकळ्या ठिपक्यावर न्यायचं, तिथे आधीच दुसरं घुबड बसलेलं असेल तर त्याच्यावरून उडून त्याच रंगाच्या पुढच्या ठिपक्यावर, हा सगळ्यात भारी भाग, फुकटात लांब उडी मिळते. पण समोर सूर्याचा पत्ता आला असेल तर दुसरं काही नाही, तोच टाकायचा आणि सूर्य एक घर पुढे. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. डब्यावर वय चार वर्षांपुढे आहे, आम्ही थोडं आधीच सुरू केलं. बनवणारी बाई सुझन मॅकिन्ली रॉस, जिच्या 'क्वर्कल'ला २०११ मध्ये जर्मनीतलं 'श्पील देस यारेस' हे मोठं बक्षीस मिळालं तीच, हे मला नंतर कळलं. क्वर्कलसुद्धा रंग आणि आकार जुळवायचाच खेळ आहे, म्हणजे बाईचा हात त्यात बसलेलाच.

पहिला महिना मस्त गेला असं मला वाटत होतं. रडारड बंद, डाव पंधरा-वीस मिनिटांत संपतो, बहुतेक वेळा जिंकतो. मी नणंदेला व्हॉट्सॲपवर फोटो पण पाठवले. मग एकदा सासूबाई शेजारी बसून लसूण सोलत बघत होत्या आणि डाव संपल्यावर एवढंच म्हणाल्या, छान खेळता गं तू आणि तो. मी म्हटलं आम्ही तिघं खेळलो की. तर म्हणे ती कुठे खेळली, तिनं नुसते पत्ते उचलून दिले.

आणि खरंच होतं ते. तिची पाळी आली की मी किंवा दादा, तो हिरवा टाक, ते मागचं घुबड उचल, नाही नाही ते नको, हे. पत्ते उघडे असतात ना, त्यामुळे मोठ्या माणसाला लगेच दिसतं काय करायला पाहिजे आणि जीभ थांबतच नाही. कच्चं लिंबू होऊ नये म्हणून खेळ आणला आणि तिला त्यातसुद्धा लिंबूच करून ठेवलं, उलट आता तर कळतही नव्हतं की केलंय. सगळे मिळून खेळायच्या खेळांची हीच मोठी गोची आहे असं माझं आठ महिन्यांनंतरचं मत आहे, आणि ती खेळात नसते, आपल्यात असते.

सासूबाई बालवाडीत बाई होत्या, एकतीस वर्षं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांचं नाव घेतल्याशिवाय त्यांचं पोरांवरचं कुठलंच बोलणं संपत नाही, बोर्डी-कोसबाडला या बायकांनी शाळा झाडाखाली आणि अंगणात नेली, शिंपले-बिया-दगड घेऊन मोजायला शिकवलं, तुम्हाला अमेरिकेचा डबा लागतो, इत्यादी. तर त्या खेळायला बसल्या. आणि बसल्यावर पहिलं वाक्य, मला काय हे कळत नाही बाई, तूच सांग. आता त्यांना दोन मिनिटांत सगळं कळलेलं होतं, बदाम सातमध्ये त्यांनी अख्ख्या वाड्याला रडवलंय. पण त्या मख्खपणे पत्ता हातात धरून बसायच्या आणि ही उठून त्यांच्याजवळ जाऊन, आजी हा जांभळा आहे ना, मग बघ जांभळ्यावर कोण बसलंय? घुबड. मग तू उडून जाणार. कुठपर्यंत जाणार? त्या म्हणायच्या, कुठपर्यंत गं? आणि ही बोट ठेवत ठेवत पुढचा जांभळा शोधायची. एका डावात ती जितकं बोलली तितकं माझ्याबरोबरच्या महिन्याभरात बोलली नव्हती. तेव्हापासून घरात नियम, विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या पत्त्यावर बोलायचं नाही. हा नियम पाळणं तिला नाही, मला जड गेलं. मी अक्षरशः तोंडात बडीशेप धरून बसायचे.

आता यातून शिकली काय. रंग तिला आधीच येत होते, त्यामुळे रंग शिकवायला म्हणून कुणी घेत असेल तर तो फायदा साधारण दोन आठवड्यांत संपतो. आमच्याकडे एवढंच झालं की शाळेतला ऑरेंज आणि घरातला केशरी एकच हे पक्कं झालं, आणि निळा-जांभळा यातली मारामारी मिटली. खरी मजा 'पुढचा', 'मागचा', 'मधला', 'सगळ्यात शेवटचा' या शब्दांची. आधी सगळ्याला 'तो तिथला' म्हणायची. आणि निवड, म्हणजे तीन पत्ते आणि तीन घुबडं यातून एक ठरवायचं, मागे राहिलेल्याला आधी आणायचं की पुढे गेलेल्याला पोचवून टाकायचं. ती नेहमी मागे राहिलेल्याला आणते, कारण ते एकटं आहे. खेळाच्या हिशोबानं ते बऱ्याचदा बरोबरही असतं. एक साइड इफेक्ट, सप्टेंबरमध्ये काही दिवस सकाळी उठायलाच तयार नाही, पडदा उघडू नको म्हणे, सूर्य आला म्हणजे आपण हरलो.

पण आकडे या खेळात नाहीत. मोजायची गरजच पडत नाही. म्हणून मी ऑनलाइन एक संच मागवला, 'मिळून खेळा, आकडे शिका' असं काहीतरी लिहिलेलं होतं, आत निघाली नुसती फ्लॅश कार्डं, एका बाजूला आकडा दुसऱ्या बाजूला तेवढी सफरचंदं. खेळ कुठाय तर नियमाच्या कागदावर लिहिलंय, पालकांनी कार्ड दाखवावे व मुलाने ओळखावे. याला परीक्षा म्हणतात. साडेतीनशे रुपये गेले.

मग गणपतीच्या सुट्टीत घरातलाच जुना पत्त्यांचा कॅट काढला. बदाम सातच, पण सगळ्यांनी मिळून. गोष्ट सासूबाईंनी दिली, मे महिन्यात गच्चीवर घातलेल्या कुरडयांची वळवानं वाट लावली होती ते पोरांना आठवत होतं, तर वाळवण गोळा करायचं पाऊस यायच्या आत. बदाम आणि इस्पिक, एक्का ते दश्शी. सुरुवात सातावरून नाही, पंजावरून, दोन्ही पंजे मध्ये ठेवायचे आणि एका बाजूला चढत जायचं, दुसऱ्या बाजूला उतरत.

पहिल्यांदा मी सहा ढग पत्त्यांतच पिसले, दोन कॅटांमधले चार जोकर आणि दोन कोरे पत्ते मिळून, सहावा ढग आला की पाऊस. ओळीनं पाच डाव हरलो. दादा म्हणाला हा खेळच खोटा आहे. नवरा ऑफिसचा कॉल म्यूट करून म्हणतो, अगं आकडे सगळे लागायला गठ्ठा संपला पाहिजे आणि गठ्ठा संपला म्हणजे सगळे ढग पण आले, शेवटचा ढग तळाशी असेल तरच जिंकणार तुम्ही. डोक्यावर हात मारला. मग बदललं, आता सगळे पत्ते आधीच वाटून टाकायचे, उघडे. ज्याच्या पाळीला त्याचं काहीच लागत नाही त्यानं एक बटण ताटलीत टाकायचं, ते ढग. पाच बटणं झाली की वळीव. चौघांत साधारण निम्मे डाव जिंकतो, आणि माझ्या मते निम्मे हेच बरोबर प्रमाण आहे, सारखं जिंकलं की पोरं दहाव्या दिवशी उठून जातात.

या खेळानं जे दिलं ते घुबडांनी नाही दिलं. नोव्हेंबरमधला एक डाव सांगते. ताटलीत चार बटणं. हिच्यासमोर बदाम छक्का आणि इस्पिक दुर्री, दोन्ही लागत होते. दुर्री तिची लाडकी, छोटं बाळ म्हणते तिला, कधी एकदा लावते असं असतं. तिच्यानंतर दादा, आणि त्याच्याकडे बदाम सत्ती-अठ्ठी अडकलेली, बाकी काहीच लागत नव्हतं. म्हणजे हिनं दुर्री लावली की खलास. तो जमिनीकडे बघत बसला होता, नियम म्हणजे नियम. माझ्या तोंडात बडीशेप. ती दुर्रीवर बोट ठेवून बसली, मग त्याच्या पत्त्यांकडे बघितलं, मग ओळीकडे, मग पुन्हा त्याच्या पत्त्यांकडे, आणि ओठांतल्या ओठांत 'पाच... सहा... सात' म्हटलं. आणि छक्का उचलून लावला. म्हणाली, दादाचं अडकलंय. दादानं सत्ती एवढ्या जोरात आपटली की ताटली हलली. पुढे माझीच पाळी आणि माझं काही लागेना, पाचवं बटण मी टाकलं, वळीव आला. पण त्या दिवशी हरल्याचं कुणालाच काही नव्हतं.

आता अडचणी. पत्त्यांवरचे आकडे इंग्रजी आणि हिच्या बालवाडीत आकडे मराठी. इंग्रजी आठ बघितला की ही म्हणणार चार, कारण तो आपल्या ४ सारखाच दिसतो, आणि इंग्रजी नऊ म्हणजे थेट आपला १. दोन आठवडे नुसता गोंधळ, दहाच्या आधी एक का लावायचा म्हणून भांडण. मी कोपऱ्यातले आकडे झाकणार होते, सासूबाई म्हणाल्या राहू दे, ती बदाम मोजते आहे ना. आणि तेच झालं, ती आकड्यापेक्षा बदाम मोजायला लागली, आधी एकेकावर बोट ठेवून, मध्ये एखादा दोनदा मोजून, आणि डिसेंबरपासून चार-पाचपर्यंतचे बदाम न मोजताच ओळखते. सात-आठमध्ये अजून चुकते. किती आहेत विचारलं की पूर्वी परत पहिल्यापासून मोजायची, आता शेवटचा आकडा सांगून मोकळी होते. हे सगळं पत्त्यांमुळेच झालं का वयामुळे, देव जाणे.

हरणं पचवायला शिकते असं जे म्हणतात ते मात्र माझ्या अनुभवात नाही. जानेवारीत सोसायटीतल्या एका वाढदिवसाला संगीत खुर्चीत दुसऱ्याच फेरीत बाहेर पडली आणि केक कापेपर्यंत हुंदके देत होती. सगळ्यांनी मिळून हरणं वेगळं आणि एकटीनं खुर्चीवरून उठणं वेगळं, एकाची सवय दुसऱ्याला कामाला येत नाही. त्यामुळे आता शनिवारी एक डाव मुद्दाम भिकार-सावकार, रडली तर रडली. दादाला तर घुबडांचा कंटाळा आलाच, तो सहा घुबडं घेतली तरच बसतो, आणि खरं तर त्याला झब्बू पाहिजे. सात वर्षांच्या पोरानं धाकटीसाठी किती दिवस घुबडं उडवायची, त्याचंही बरोबर आहे.

घ्यावा का विचाराल तर कुणी आणून देत असेल तर घुबडं जरूर घ्या, बोर्ड देखणा आहे आणि चार वर्षांच्या पोराला न वाचता सगळं कळतं. त्याहून लहान असेल तर 'हाबा' या जर्मन कंपनीचा 'फर्स्ट ऑर्चर्ड' बघा, तो दोन वर्षांपासून चालतो, पत्ते नाहीत, रंगाचा फासा टाकून कावळ्याच्या आधी लाकडी फळं टोपलीत भरायची. पण मागवायला फार पैसे पडत असतील तर नका मागवू, कॅट सगळ्यांच्या घरात असतो. पत्ते कमी पडले तरी चालतं. आमची बदाम दुर्री बहुतेक सोफ्याखाली गेलीये, तिच्या जागी हिनं जुन्या लग्नपत्रिकेच्या तुकड्यावर स्केचपेननं दोन बदाम काढलेत, एक मोठा आणि एक बारका. पालथा ठेवला तरी लांबूनच ओळखू येतो तो पत्ता, पण आपल्यात कुणाला काही लपवायचंच नसतं, त्यामुळे चालून जातं.