चष्म्याची काच घेताना: १.५०, पॉलिकार्बोनेट, १.६७ की १.७४?

दुकानात काच निवडताना हे आकडे समोर येतात आणि आकड्याबरोबर किंमतही चढते. पण आकडा म्हणजे दर्जा नव्हे. त्या काचेत प्रकाश किती मंदावतो, एवढंच तो सांगतो. निर्वात पोकळीत प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. १.५० च्या साध्या प्लास्टिकमध्ये २ लाख, पॉलिकार्बोनेटमध्ये (१.५९) १ लाख ८९ हजार, १.६७ मध्ये १ लाख ८० हजार आणि १.७४ मध्ये १ लाख ७२ हजार. प्रकाश जितका मंदावेल तितका जास्त वळतो, म्हणून तोच नंबर कमी बाकाच्या, पातळ काचेत बसतो.

पातळ म्हणजे किती? मायनस २ चा नंबर असेल, तर काचेच्या मध्यापासून २५ मिलिमीटरवर १.५० आणि १.६७ च्या जाडीत फरक पडतो जेमतेम ०.३ मिलिमीटर. एवढ्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मायनस ६ ला तो फरक सुमारे १ मिलिमीटर होतो, तिथे १.६७ घ्यावीच. तिथून १.७४ वर गेलात, तर मध्यापेक्षा कडेला वाढणारी जाडी आणखी दहाव्या हिश्श्याने कमी होते, बस. नंबर फारच मोठा असेल तरच तिचा विचार करा.

फ्रेमकडे मात्र फारसं कुणी लक्ष देत नाही. मध्याच्या तुलनेत कडेची जाडी काचेच्या रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. डोळा काचेच्या मध्यासमोर नीट येत असेल, तर ५५ ऐवजी ४८ मिलिमीटर रुंद काचेची फ्रेम घेऊन जाडीत तेवढीच बचत होते, जेवढी १.५० सोडून १.६७ घेतल्याने.

शिवाय १.५० ची नजर जास्त स्वच्छ. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा जास्त मंदावतो, आणि पॉलिकार्बोनेट, १.६७, १.७४ या तिन्हींत ही तफावत मोठी. कडेतून पाहिलं की अक्षरांना रंगीत किनार दिसू शकते. परावर्तनही वाढतं: १.५० च्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत जातो, १.७४ वरून ७ टक्क्यांहून जास्त. त्यामुळे वरच्या आकड्यांना अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग हवंच.

मुलांसाठी आणि खेळताना पॉलिकार्बोनेटच घ्या, नंबर कितीही लहान असो. त्यावर चरे लवकर पडतात, पण चेंडू लागला तर ते सहसा फुटत नाही.