टाइम गुरू: गप्प बसणारा मेट्रोनोम

मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे लय धरायला सारख्या अंतराने ठोके देणारी अ‍ॅप्स, ढिगाने मिळतात आणि नुसता ठोका हवा असेल तर त्यातला कुठलाही चालतो. टाइम गुरू हे अ‍ॅप मुद्दाम घ्यावं ते एका सोयीसाठी. ते वाजता वाजता मध्येच गप्प बसतं. किती टक्के ठोके गाळायचे हे आपण सांगायचं, कोणते गाळायचे ते त्याचं ते ठरवतं. केलंय एका गिटारवादकानेच. जॅझ गिटारवादक जॉन स्कोफिल्डच्या बँडमध्ये ऱ्हिदम गिटार वाजवलेल्या अवी बॉर्टनिकचं हे काम आहे, आणि वापरताना ते कळतं.

प्रत्येक मात्रेवर ठोका येत राहिला की हात त्याच्या मागोमाग जातो आणि डोक्यातली मोजणी थांबते. घरी सगळं जागच्या जागी बसतं, पण ड्रमर आणि बासवाल्यासोबत उभं राहिलं की सोलो संपता संपता लय चढलेली असते. जॅझ गिटार शिकणाऱ्याला म्हणूनच कमी बोलणारा मेट्रोनोम लागतो.

ठोके गाळण्याच्या आधी मात्र एक पायरी आहे आणि पुण्यात बरेचजण तिथेच अडतात. समजा, गाण्याची लय १२० आहे, म्हणजे मिनिटाला १२० मात्रा. अ‍ॅप ६० वर लावायचं आणि येणारा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरायचा. आपला कान तबल्यावर वाढलेला, सम शोधणारा. ऐकू आला तो ठोका 'एक' असं तो परस्पर ठरवून टाकतो आणि दोन-चार बारमध्ये (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) सगळं उलटं होतं. यावर उपाय असा: गिटार बाजूला ठेवायची. ठोक्याला टाळी द्यायची आणि 'दोन' म्हणायचं, पुढच्याला 'चार'. मग मधल्या रिकाम्या जागांत पाय टेकवत 'तीन' आणि 'एक' म्हणायचं. पाय एक-तीनवर, टाळी दोन-चारवर. दोन मिनिटं न उलटता टिकलं की मगच गिटार उचलायची.

पहिला सराव फ्रेडी ग्रीनच्या पद्धतीचा. हा माणूस १९३७ पासून १९८७ पर्यंत काउंट बेसीच्या जॅझ बँडमध्ये गिटारवर होता आणि बहुतेक वेळ बारमध्ये चार सरळ फटके एवढंच वाजवायचा. सुरुवातीला तीन सुरांची कॉर्ड पुरते: सहाव्या तारेवर मूळ स्वर, चौथीवर सातवा, तिसरीवर तिसरा. पाचवी तार मधल्या बोटाच्या पोटाने मुकी ठेवायची. चारही फटके खालच्या दिशेने. फटका वाजल्यावर डाव्या हाताचा दाब सोडायचा, पण बोटं तारेवरून उचलायची नाहीत. उचलली तर मोकळ्या तारा घुमतात आणि पुढची कॉर्ड पकडायला उशीर होतो. दोन आणि चार किंचित आखूड हवेत. चौथा आखूड केला की कॉर्ड बदलायला वेळही मिळतो. लय पडते ती बहुतेकदा याच जागी, चारवरून एकवर जाताना.

दुसरा सराव चार्ल्सटन नावाच्या ठेक्याचा: एक फटका पहिल्या मात्रेवर, दुसरा दोन आणि तीनच्या मध्ये. ठोका दोनवर येत असल्याने दुसरा फटका त्याच्या पाठोपाठ पडतो आणि नेमका इथेच हात चुकून ठोक्याला चिकटतो. १२० च्या लयीत मात्रा ५०० मिलिसेकंदांची. तिचे तीन भाग केले तर हा फटका तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला, म्हणजे ठोक्यानंतर साधारण ३३३ मिलिसेकंदांनी यायला हवा. लय वाढेल तसा हा झोल, म्हणजे स्विंग, कमी होत जातो. २४० ला तीन भागांचा हिशेब धरून बसलं तर वाजवणं उड्या मारल्यासारखं ऐकू येतं.

हे दोन्ही जमलं की ठोके गाळायला घ्यायचे. २० टक्क्यांपासून सुरुवात, बारा बारचा ब्लूज, न थांबता पाच फेऱ्या. १२० ला एक फेरी २४ सेकंदांची, म्हणजे पाच फेऱ्या दोन मिनिटांत होतात. मग ३५, मग ५०. त्याच्या वर जाण्याची घाई नको. ठोका परत आला आणि आपण पुढे निघालेलो असलो तर बहुधा विरामात घाई झालेली असते. मागे पडलो असलो तर कॉर्ड बदलण्यात. तिथल्या तिथे झटका देऊन जुळवून घेऊ नये. बँडमध्ये तसं केलं की सगळेच अडखळतात. दोन बारमध्ये हळूहळू परत यायचं.

उणिवाही सांगायला हव्यात. ठोके कुठेही गळत असल्याने शांतता तुमच्या बाराव्या बारलाच येईल असं नाही. फॉर्म, म्हणजे गाण्यात आपण कितव्या बारवर आहोत ते, हरवू नये यासाठी घरातला इलेक्ट्रॉनिक तबला जास्त उपयोगी: ब्लूजच्या ४८ मात्रा म्हणजे तीनतालाची बरोबर तीन आवर्तनं, किंवा एकतालाची चार. ३२ बारचं गाणं म्हणजे तीनतालाची आठ. पण ठेका सगळंच भरून देतो, म्हणून लय तपासायला तो नको. लाकडी लंबकाचा मेट्रोनोम दिसायला देखणा, पण टेबल जरा कलतं असलं की लंगडतो आणि त्यावरच्या खुणा साधारण ४० ते २०८ च. १२० च्या लयीत बारला एकच ठोका हवा असेल तर ३० लागतात, ते त्याच्यावर मिळत नाहीत.

ठोक्याचा आवाज उंच आणि कोरडा निवडावा, जाड आवाज गिटारखाली बुडतो. फोन विमान मोडवर. गणपतीच्या आधी नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की जवळपासच्या घरांत संध्याकाळी फोनचा स्पीकर निरुपयोगी. वायरचा हेडफोन लावावा. ब्लूटूथवर ठोका उशिरा पोचतो, पण आपण ऐकू येईल त्यालाच धरून वाजवत असल्याने नुसत्या सरावाला ते चालतं.

तपासणी करताना मात्र हेडफोन काढायचा. ठोका स्पीकरवर ठेवून दुसऱ्या फोनवर ठोका आणि गिटार एकत्र रेकॉर्ड करायचे, तीनही गोष्टी हाताच्या अंतरात. ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये उघडून वीसेक फटके मोजायचे. सगळे ठोक्याच्या २० मिलिसेकंद मागे असतील तर काळजी नको, तो वाजवण्याचा बाज झाला. एक ३० पुढे आणि दुसरा ३० मागे असेल तर टक्केवारी खाली आणून पुन्हा २० पासून सुरू करायचं.