गिझरचं सेटिंग करायला एटीएम कार्ड कशाला लागतं?

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी विचारायला नको: ७४,५०९ रुपये. त्यातले १० मी भरले, बाकीचे खोट्या कस्टमर केअरवाल्यांनी खात्यातून उपसले.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे. त्यामुळे "मशिनीतला माणूस असून गिझरसाठी फसलास?" हे पाहुण्यांपासून पोलिसांपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. तर ऐका. गिझर २५ लिटरचा. पाणी आधी उकळतं यायचं, मग अचानक गार. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी किती तापवायचं ते ठरवणारा भाग, खाली आणायला हवा हे मलाही कळत होतं. पण सेटिंग कव्हरच्या आत, आणि वॉरंटी बाकी. मी स्क्रू फिरवला असता तर उद्या कंपनी म्हणाली असती, तुम्हीच उघडलाय. म्हणून रीतसर नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला. पहिलाच आला, लोगोसकट. तुम्ही काय केलं असतं?

पलीकडचा गोड बोलला. मॉडेल नंबर विचारला, वॉरंटी विचारली, "अर्ध्या तासात माणूस येईल सर" म्हणाला. नोंदणीचे फक्त १० रुपये. त्यासाठी व्हॉट्सअॅपवर एक अॅप पाठवलं. प्ले स्टोअरवरचं नाही, नुसती फाइल. अशी फाइल कोणीही पाठवू दे, उघडू नका. फोनने धोक्याची सूचना दिली, तर तो म्हणे नवीन फोनमध्ये येतंच असं. मग मेसेज वाचायची परवानगी, मग कार्डाचा नंबर.

आणि इथंच डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. त्याने पत्ता विचारलाच नाही! घरी माणूस पाठवणार होता ना? आमच्या राजारामपुरीत यायचं तर रिक्षावालासुद्धा आधी विचारतो, कितवी गल्ली? याने गल्ली नाही, मजला नाही, शहरसुद्धा विचारलं नाही. बँक मात्र कुठली ते दोनदा विचारलं. रात्री झोप लागत नाही ती पैशापेक्षा याच गोष्टीने.

४९,९९९ गेल्याचा मेसेज आला तसा फोन बंद केला आणि बायकोच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला कळवलं. तक्रार क्रमांक मिळाला, कार्ड ब्लॉक केलं म्हणाले. त्यानंतर आणखी २४,५०० गेले. त्यानंतर! वेळ दोन्हीकडे लिहिलेली आहे.

शाखेत गेलो तर साहेब म्हणतात, "ओटीपी तुम्हीच दिला असणार." अहो, मी एक आकडा कोणाला सांगितला नाही, अॅपने मेसेज परस्पर वाचले. ते ऐकायलाच तयार नाहीत. पोलीस ठाण्यात म्हणाले, हे आमच्याकडे नाही, सायबरला जा. तिथं म्हणाले, शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. शिक्का मारणाऱ्या मॅडम रजेवर. एकाने तर हसत विचारलं, "काका, गिझर चालू झाला का मग?" चोर निदान अहोजाहो करत होता.

रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं. ग्राहकाने कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेचं, असं त्यात स्पष्ट आहे. साहेबांनी कागद उलटा करून पेपरवेटखाली ठेवला. म्हणून सांगतो, बँकेला फोन केलात की तक्रार क्रमांक आणि वेळ तिथल्या तिथं लिहून घ्या. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच मिनिटाला फोन लावा, आधी नातेवाइकांना विचारत बसू नका. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवले तर हाती लागायची शक्यता जास्त. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी लागत नाही. माझा अर्ज गेलाय. २४,५०० तरी सोडणार नाही.

कंपनीचा खरा नंबर गिझरच्या वॉरंटी कार्डावर छापलेला होता. कार्ड देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात! तुमचं शोधा आणि आजच फोटो काढून ठेवा.

त्या नंबरवरून आलेल्या पोराने मेन स्विच बंद करून कव्हर काढलं. बोअरच्या पाण्याने कॉइलवर क्षार बसलेला, थर्मोस्टॅट पार वर, त्यामुळे कटआउट, म्हणजे पाणी फार तापलं की वीज तोडणारा भाग, उडत होता. क्षार खरवडला, कटआउटचं बटण दाबलं, थर्मोस्टॅट ६० अंशांवर आणला. वॉरंटीत होतं, एक रुपया घेतला नाही. जाताना पत्ता मात्र नीट लिहून घेतला त्याने, गल्लीसकट.