सायप्रो ऑरेंज: पीसीआर मशीनवर प्रोटीनचा वितळबिंदू

मुळात जेल रंगवायला निघालेला हा डाय आता अनेक लॅब थर्मल शिफ्टसाठीच (प्रोटीन कोणत्या तापमानाला उलगडतं आणि ते तापमान किती सरकतं हे पाहण्याची चाचणी) मागवतात. नुसत्या पाण्यात तो जवळजवळ चमकत नाही. प्रोटीन तापून उलगडलं की पाण्याशी न पटणारे आतले भाग उघडे पडतात, डाय तिथे चिकटतो आणि चमक वाढते. नमुने तापवत चमक मोजणारं रिअल-टाइम पीसीआर मशीन असलं की नवं उपकरण घ्यावं लागत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

किमतीला बिचकू नका. डीएमएसओ या द्रावकातला स्टॉक 5000 एक्स, म्हणजे 1 एक्सच्या 5000 पट तीव्र असतो. 1 मायक्रोलिटर स्टॉक 99 मायक्रोलिटर बफरमध्ये घातला की 50 एक्स झाला. त्यातला 2 मायक्रोलिटर 20 मायक्रोलिटरच्या वेलमध्ये गेला की 5 एक्स. म्हणजे 96 वेलच्या अख्ख्या प्लेटला 2 मायक्रोलिटर स्टॉक पुरतो. डीएमएसओ 18 अंशांच्या आसपासच गोठतो, त्यामुळे फ्रीजमधली कुपी पूर्ण वितळू द्या आणि व्हॉर्टेक्स करा. अर्धवट वितळलेल्यातून उचललं तर दर वेळी वेगळं प्रमाण पडणार. पातळ केलेला डाय फॉइलमध्ये ठेवून त्याच दिवशी संपवावा.

प्रोटीन 2 ते 5 मायक्रोमोलर, तापमान 25 ते 95 अंश, वेग मिनिटाला 1 अंश. सील लावल्यावर प्लेट स्पिन करा. बुडबुडा राहिला तर तापमानानुसार चमक दाखवणाऱ्या कर्व्हला मध्येच टोक येतं. सॉफ्टवेअरमध्ये पॅसिव्ह रेफरन्स (ज्याच्या चमकेने सिग्नलला भागलं जातं तो संदर्भ-डाय) 'नन' करायला विसरू नका. तो रॉक्सवर (सायप्रोच्या जवळच्याच रंगात चमकणाऱ्या डायवर) राहिला तर सिग्नलला जवळपास सिग्नलनेच भाग जातो आणि चांगल्या प्रोटीनचाही कर्व्ह सपाट दिसतो.

ट्रिस बफर इथे नकोच. दर अंशाला त्याचा पीएच सुमारे 0.03 ने उतरतो: 25 अंशांना 8 असलेला 95 ला 6 च्या घरात. फॉस्फेट बरा, हेपीस चालेल. लिगँड (प्रोटीनला चिकटणारा रेणू) डीएमएसओमध्ये असेल तर कंट्रोललाही तेवढंच डीएमएसओ, नाहीतर दिसलेली शिफ्ट नेमकी कुणाची ते कळणार नाही.

कर्व्ह सुरुवातीपासूनच उंच असेल तर डायला दोष देऊ नका. प्रोटीन आधीच उलगडलेलं असतं, किंवा बफरमध्ये डिटर्जंट असतं. ट्रायटन, ट्वीन, डीडीएम यांच्या मायसेलमध्ये (डिटर्जंटच्या रेणूंच्या गोळ्यांमध्ये) डाय थेट घुसतो. त्यामुळे मेम्ब्रेन प्रोटीनवाल्यांनी ही कुपी घेऊच नये; आत दडलेले सिस्टीन असतील तर सिस्टीनशी जोडला की चमकणारा सीपीएम डाय, नाहीतर ट्रिप्टोफॅनच्या स्वतःच्या चमकेवर चालणारं नॅनो-डीएसएफ.