तेलाचा शेअर घ्यायचाय: मोठी कंपनी की छोटी?

कोथरूडला आमच्या सोसायटीतले एक काका नुकतेच निवृत्त झाले. हाती आलेल्या पैशांतले दोन लाख तेलाच्या शेअरमध्ये टाकायचे, हे त्यांचं पक्कं आहे. अडलंय ते एवढ्यावरच, की ओएनजीसी, ऑइल इंडियासारखी जुनी कंपनी घ्यावी की नव्या जागी तेल शोधणारी एखादी छोटी.

शिरूरकडे आमची शेती आहे. बोअरच्या गाडीशेजारी उभे असलेले वडील मला अजून दिसतात. जागा पाणाड्याने दाखवलेली. दोनशे फुटांवर जरा ओल लागली, मग तीनशेपर्यंत नुसता फुफाटा. बोअर फेल गेली तरी पैसे फुटावर मोजून द्यावेच लागले, आणि दुसऱ्या बोअरसाठी उसनवारी करावी लागली. तेलाची शोधविहीर याच जातीची, फक्त आकडा कोटींत. पाणाड्याच्या जागी भूकंपीय सर्वेक्षण (जमिनीत कंपनं सोडून त्यांचे प्रतिध्वनी मोजणं) असतं आणि ते शास्त्रशुद्ध असतं. पण जमिनीखाली तेल साठेल अशी खडकाची रचना आहे, इतकंच त्यातून समजतं. तिथे तेल आहे की खारं पाणी, ते ड्रिलिंग केल्यावरच कळतं.

ओएनजीसीची एक विहीर कोरडी गेली तर भागधारकाला पत्ताही लागत नाही. १९७४ साली सापडलेलं बॉम्बे हाय अजून तेल देतंय, तो पैसा येत राहतो, लाभांशही मिळतो. इथे धास्ती असते ती तेलाच्या भावाची आणि सरकारी निर्णयांची. जुलै २०२२ मध्ये कच्च्या तेलावर जादा कर बसला, तो डिसेंबर २०२४ मध्ये उठला. वर्षाला २० लाख बॅरलपेक्षा कमी तेल काढणाऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. छोटं असण्याचा असाही फायदा.

छोट्यांच्या बाजूने सगळे राजस्थानातल्या बाडमेरचं उदाहरण देतात. शेलने तिथला आपला हिस्सा विकला, तो स्कॉटलंडच्या केर्नने घेतला आणि जानेवारी २००४ मध्ये मंगला तेलक्षेत्र सापडलं. खरं आहे. पण तेल यायला ऑगस्ट २००९ उजाडला, आणि केर्न इंडियाचा शेअर आपल्या बाजारात १६० रुपयांना आला तो शोधानंतर जवळपास तीन वर्षांनी.

काकांना मी निकोचं उदाहरण दिलं. कॅनडातल्या या कंपनीचा केजी-डी६ मध्ये, म्हणजे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या रिलायन्सच्या समुद्री गॅस क्षेत्रात, १० टक्के हिस्सा होता. एप्रिल २००९ मध्ये गॅस सुरू झाला, शेअर पुढे १०० डॉलरच्या वर गेला. मग गॅस झपाट्याने घटला, आणि त्याच सुमारास इंडोनेशियाच्या समुद्रातल्या महागड्या विहिरी कोरड्या निघाल्या. शेअर सेंटांवर आला.

म्हणून छोटी कंपनी बघताना मी आधी विचारतो: पुढच्या विहिरीचे पैसे कोण देणार? हिंदुस्तान ऑइल एक्स्प्लोरेशनचं आसाममधलं डिरोक क्षेत्र २०१७ पासून गॅस देतंय. असं उत्पन्न हाताशी असेल तर एखादी कोरडी विहीर झेपते. हिस्सा देऊन खर्च भागीदाराच्या गळ्यात घातला असेल तर तेही चालेल. नुसते तेल शोधायचे परवाने असतील, तर प्रत्येक विहिरीआधी नवे शेअर निघणार आणि आपला वाटा पातळ होत जाणार. आणि ‘तेलाचे अंश दिसले’ या बातमीवर खरेदी करू नये. चाचणीत दिवसाला किती बॅरल आले, तो आकडा मागावा.

माझं मत काकांना सांगितलंय: दीड लाख मोठ्या कंपनीत, पन्नास हजार उत्पादन चालू असलेल्या छोटीत. परवा ते दोन छोट्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल छापून घेऊन आले. एकीची रोख शिल्लक ठरलेल्या विहिरीच्या निम्म्या खर्चालाही पुरत नव्हती. ती आम्ही तिथेच बाजूला ठेवली.