जनरेटर धडधडतोय पण बल्ब पेटत नाही? माणगावच्या रिवाइंडिंगवाल्या चाचांचा रिव्ह्यू

रेटिंग ५ पैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आमचं घर दिवेआगरला, मागे नारळ-सुपारीची वाडी, तीन खोल्या पर्यटकांना देतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा अर्धी वाडी आडवी झाली आणि विजेचे पोल असे झोपले की आमच्याकडे लाईट यायला महिना उलटला. त्या महिन्यात आईने विहिरीचं पाणी शेंदून काढलं ते बघून ठरवलं, हातात पहिले पैसे आले की जनरेटर. मग घेतला, पेट्रोलवरचा, दोन केव्हीएच्या जरा वरचा, दोरी खेचून चालू करायचा. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मशीनचा दोष फारसा नाहीच, बराचसा माझा आहे.

तर परवाच्या जुलैत शनिवारी संध्याकाळी लाईट गेली. तिन्ही खोल्या फुल, फ्रीजरमध्ये पापलेट, वरच्या टाकीत पाणी नाही. जनरेटर ओढत अंगणात नेला (पडवीत किंवा घरात चुकूनही लावू नका, धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही) आणि दोरी खेचली, दुसऱ्या खेचीला चालू, आवाज एकदम कडक. मी खूश. पण घरात अंधार तो अंधारच. ब्रेकर पडलाय का बघितला, नव्हता पडला, तरी खाली-वर करून झालं, चेंजओव्हर (घर एकतर लाईनवर नाहीतर जनरेटरवर घेणारा स्विच) बघितला, शेवटी मशीनच्याच सॉकेटला टेबललॅम्प लावला, तोही मख्ख. आई म्हणाली, "अरे ओरडतोय एवढा, मग देत का नाही?" ह्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती रात्र मेणबत्त्यांवर काढली आणि पापलेट सगळं तळून पाहुण्यांना खाऊ घातलं, फुकट.

सोमवारी टेम्पोत टाकून आधी एका सर्व्हिस सेंटरला नेला. कुठलं ते सांगत नाही. काउंटरवरच्या पोराने चालू केला, सॉकेटला मीटर लावला आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "अल्टरनेटर (वीज तयार करणारा भाग) गेला, पूर्ण सेट बदलावा लागेल, साडेचौदा हजार, पार्ट मागवायला पंधरा दिवस." मागचं झाकण उघडलंसुद्धा नाही हो! मी म्हटलं उघडून तर बघा, तर म्हणे आधी ॲडव्हान्स भरा. टेम्पो परत वळवला.

टेम्पोवाल्यानेच चाचांचं सुचवलं. माणगावच्या बाजारपेठेत गल्लीत आत दुकान आहे, बाहेर जळक्या मोटरींचा ढीग आणि तांब्याच्या तारेची भेंडोळी, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. चाचा साठीच्या पुढचे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तोच मला आवडला, "शेवटचा बंद कसा केला होता?"

आता इथे माझी चूक. शेवटचा वापरला होता वर्षापूर्वी, आणि तेव्हा फ्रीज चालू असतानाच पेट्रोल संपून आपोआप बंद पडला होता. मी तसाच उचलून पडवीच्या कोपऱ्यात ठेवला, वर्षभर हात लावला नाही, समुद्र घरापासून पाच मिनिटांवर.

चाचा म्हणाले, "दही लावायला विरजण लागतं ना? तुझं विरजण संपलंय." आणि मग चार स्क्रू काढता काढता जे समजावलं ते मला कॉलेजात कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. इंजिनाचं काम फक्त रोटर, म्हणजे अल्टरनेटरचा आतला फिरणारा भाग, फिरवायचं. रोटरच्या लोखंडात आधीचं थोडंसं चुंबकत्व उरलेलं असतं, त्याच्यामुळे फिरायला लागल्यावर कॉइलमध्ये जेमतेम दोन-चार व्होल्ट तयार होतात. ते एव्हीआर नावाची छोटी डबी घेते, डीसी करते आणि दोन कार्बन ब्रशांमधून परत रोटरला देते, की चुंबक अजून तगडं होतं, की वीज अजून वाढते, असं करत करत २३० पर्यंत चढतं. सगळं एक-दोन सेकंदात होतं म्हणून आपल्याला कळत नाही. ह्यात एक कडी तुटली की इंजिन कितीही ओरडू दे, सॉकेट मेलेलं. लोड चालू ठेवून मशीन बंद पडू दिलं किंवा खूप दिवस नुसतं ठेवलं की ते उरलेलं चुंबकत्व उतरतं.

सॉकेटवर मीटर लावला तर अर्धा व्होल्टसुद्धा नाही. चाचा म्हणाले दोन-तीन व्होल्ट दिसले असते तर विरजण आहे असं धरून मी ब्रश आणि एव्हीआर बघितला असता, इथे विरजण आणि ब्रश-एव्हीआर दोन्ही बघायला लागेल. झाकण निघालं आणि मला लाजच वाटली, तांब्याच्या स्लिप रिंगा (रोटरवरच्या, ज्यांना ब्रश टेकतात) हिरव्या-काळ्या पडलेल्या आणि एक ब्रश खारट गंजाने होल्डरमध्ये अडकून बसलेला, रिंगेला टेकतच नव्हता. म्हणजे चुंबक असतं तरी काही उपयोग नव्हता. मी शहाणपणा करून विचारलं, ते ड्रिल मशीन सॉकेटला लावून ट्रिगर दाबून चक हाताने उलटा फिरवतात, ते घरी चाललं असतं का, तर म्हणाले चालतं कधी कधी, पण ब्रश अडकलेला असताना ड्रिल फिरव नाहीतर उखळ फिरव, सारखंच.

ब्रश सोडवला, लांबी बघितली, अजून बराच बाकी म्हणून तोच ठेवला (नवा खपवला नाही, हे नोंद करा), रिंगा बारीक पॉलिश पेपरने चमकवल्या, रोटरचा रेझिस्टन्स मोजला, ४८ ओहम, म्हणाले कॉइल शाबूत आहे, अल्टरनेटर गेला कोण म्हणालं तुला? मग एव्हीआरचा प्लग काढून बाजूला केला, कारण तो जोडलेला ठेवून बाहेरून बॅटरी दिली तर तोच जळायचा. इंजिन चालू, आणि १२ व्होल्टची बॅटरी प्लस-मायनस बघून ब्रशांच्या वायरींना दोन-तीन सेकंद टेकवली. बल्ब मिणमिणला. बंद करून एव्हीआर परत जोडला, पुन्हा दोरी खेचली, मीटरवर २२८. मी टाळीच वाजवली, शेजारचा चहावाला बघायला लागला. हे घरी करून बघू नका मात्र, झाकण उघड्या चालू मशीनमध्ये हात घालायचं काम आहे, त्यांचा हात बसलेला आहे.

बिल ६५० रुपये. साडेचौदा हजार आणि साडेसहाशे.

निघताना दोन गोष्टी सुनावल्या. बंद करताना आधी सगळा लोड काढ, दोन मिनिटं रिकामा चालव, मग बंद कर. आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं चालवून त्याच्यावर एखादा बल्ब तरी पेटव. चेंजओव्हर आहे का हेही विचारलं, नसता तर म्हणे मशीन दिलं नसतं, कारण लोक दोन्हीकडे पिना असलेली वायर करून घरच्या सॉकेटमध्ये खुपसतात आणि ती वीज उलटी लाईनवर जाऊन पोलवर चढलेल्या लाईनमनला लागते.

अर्धा पॉइंट का कापला? पक्कं बिल नाही, फोन उचलत नाहीत, आणि झाकणाचा एक स्क्रू तिथेच हरवला तो घरी आल्यावर कळलं. पार्किंग तर विसराच, टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लावून मशीन दोघांनी उचलून न्यावं लागतं. आणि शुक्रवारी दुपारी नमाजासाठी बंद असतं. स्क्रू आणायला मी नेमका शुक्रवारीच एक वाजता जाऊन पोचलो आणि दीड तास चहावाल्याकडे बसून काढला. चहा बरा आहे.